इंजिन बंद, हप्ता चालू

द्वारकेतून गुरुग्रामला रोज ये-जा करणाऱ्या कुटुंबाच्या मोटारीचे इंजिन अकाली निकामी होते, तेव्हा कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. बँकेशी झालेला करार निराळा आणि निर्मात्याची हमी निराळी. रागाच्या भरात हप्ता रोखणारा ग्राहक आपलीच पत गमावतो.

दाद मागायची ती निर्मात्याकडे. तेथे विनवणीपेक्षा कागद उपयोगी पडतो: सर्व्हिसिंगच्या नोंदी, ऑइल बदलल्याच्या पावत्या आणि मुख्य म्हणजे इंजिन उघडण्यापूर्वी कंपनीला धाडलेले पत्र. इंजिन एकदा खोलले की दोष कारखान्याचा की निगेचा, हे सिद्ध करणे दुष्कर होते. मारुती उद्योगच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हमीची व्याप्ती सदोष भाग दुरुस्त करून वा बदलून देण्यापुरतीच मानली. तेव्हा नव्या मोटारीचा हट्ट धरण्यापेक्षा नव्या इंजिनाची मागणी अधिक टिकणारी.

कंपनीने दाद न दिल्यास १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९ च्या कायद्यानुसार राहत्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडेही तक्रार करता येते. नैर्ऋत्य दिल्लीचा आयोग तर द्वारकेतच आहे. मुदत मात्र दोन वर्षांची, आणि ‘वरिष्ठांना कळवले आहे’ अशा उत्तरांची वाट पाहण्यात ती भराभर सरते.