फुकटचा गेम आणि उसने वीर

‘फुकट’ या शब्दावर आपल्या हॉस्टेलचं किती प्रेम आहे ते मी वेगळं सांगायला नको. पण जो गेम फुकटात डाउनलोड होतो, तो बनवणाऱ्या कंपनीचं पोट कशावर चालतं, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांना पडतो? उद्याचे इंजिनिअर म्हणवणाऱ्यांना तरी तो पडायला हवा. म्हणून हा लेखनप्रपंच.

उदाहरण म्हणून ‘ऑनर ऑफ किंग्ज’ हा चिनी गेम घेऊ. टेन्सेंट कंपनीने तो 2015 मध्ये आणला. 2020 मध्ये तो रोज सरासरी 10 कोटी लोक खेळत होते, असं कंपनीनेच जाहीर केलं. पाच विरुद्ध पाच अशी लढाई, आणि लढणारे बरेचसे चीनच्या इतिहास-पुराणातले. आपल्याकडे सगळे हाच गेम खेळतात असं नाही, पण साचा साधारण असाच असतो: ओळखीचा वीर, चकचकीत पोशाख, प्रवेश फुकट.

आता हे वीर कोण ते बघा. ली बाई नावावरून बाई वाटेल, पण हा आठव्या शतकातला (701–762) चीनचा थोर कवी. तरुणपणी त्याला तलवारीचा नाद होता म्हणतात, पण लोकांच्या लक्षात राहिला तो कवितेमुळे. गेममध्ये तो मारेकरी आहे. जिंग के याने इ.स.पूर्व 227 मध्ये छिनच्या राजाला मारण्याचा प्रयत्न केला. गेममध्ये त्याची चक्क बाई केली होती! 2017 मध्ये टीका झाल्यावर त्या पात्राचं नाव बदललं, रूप तेच राहिलं.

पण मला सगळ्यात जास्त खटकतात ते लू बान आणि मो-झी. लू बान हा इ.स.पूर्व पाचव्या शतकातला कारागीर, म्हणजे आपल्या जमातीचा माणूस. चीनमधले सुतार त्याला आपलं दैवत मानतात. गेममध्ये त्याच्या नावाचा एक छोटा बाहुला दणादण गोळीबार करत फिरतो. मो-झी हा साधारण त्याच काळातला तत्त्वज्ञ. दुसऱ्याच्या राज्यावर चढाई करणं हा गुन्हा आहे, असं त्याने आयुष्यभर सांगितलं. गेममध्ये त्याच्याकडे तोफ आहे.

या दोघांची एक गोष्ट मो-झीच्या ग्रंथात आहे. छू राज्याला छोट्या सोंगवर हल्ला करायचा होता आणि त्यासाठी लू बानने तटाला लावायच्या शिड्या तयार केल्या होत्या. मो-झीला हे कळलं, तेव्हा तो दहा दिवस आणि दहा रात्री चालत छूला पोचला. राजासमोर त्याने कमरेचा पट्टा सोडून जमिनीवर ठेवला. हा झाला तट. लाकडाच्या काटक्या म्हणजे यंत्रं. लू बानने नऊ वेळा नऊ तऱ्हांनी हल्ला केला, मो-झीने नऊही वेळा तो परतवला. लू बानच्या युक्त्या संपल्या, मो-झीच्या शिल्लक होत्या. वर त्याने हेही सांगितलं, की माझे तीनशे शिष्य ही यंत्रं घेऊन सोंगच्या तटावर आधीच उभे आहेत. राजाने चढाईचा बेत सोडला.

म्हणजे दोन इंजिनिअर समोरासमोर बसून गेम खेळले आणि एक युद्ध टळलं! राव, यापेक्षा भारी कथानक कुठल्या गेमला मिळणार आहे? पण ते वापरलं नाही, कारण विकायला चेहरा पुरतो, माणूस लागत नाही. उद्या कुणी बाजीप्रभूंना असंच उचललं, घोडखिंड गाळली आणि ‘सोनेरी चिलखत, ऑफर आज रात्रीपर्यंत’ असं लिहिलं, तर आपल्याला कसं वाटेल? तोच न्याय दुसऱ्यांच्या पूर्वजांनाही लावायला हवा.

“अरे, गेमच आहे, इतिहासाचं पुस्तक थोडंच आहे?” असं आमच्या विंगमधले मित्र म्हणतात. त्यांचं निम्मं बरोबर आहे. मो-झी हे नाव मला स्वतःला गेममुळेच कळलं. गेम दार उघडतो, हे मान्य. पण आत जायचं की दारातच पोशाख विकत घेत बसायचं, हे आपल्यावर आहे.

आता पैशाचं बघू. अशा गेमची कमाई मुख्यतः स्किन, म्हणजे पात्रांचे पोशाख, आणि लकी ड्रॉ यांवर चालते. समजा, हव्या त्या स्किनची शक्यता 100 मध्ये 1 आहे आणि एक ड्रॉ 40 रुपयांचा आहे. शंभर ड्रॉ केले की मिळणारच, असं बहुतेकांना वाटतं. एम-थ्रीच्या वर्गात जागे असाल तर 0.99 चा शंभरावा घात काढा. उत्तर येतं 0.366. म्हणजे प्रत्येकी 4000 रुपये घालवलेल्या शंभर जणांपैकी साधारण 37 जण रिकाम्या हाताने परततील. आपल्या मेसचं महिन्याचं बिल याहून कमी आहे. काही गेम ठराविक ड्रॉनंतर हमखास बक्षीस देतात, पण तो आकडा कुणी ठरवलेला असतो? दुकानदारानेच ना?

चीनने 1 मे 2017 पासून या शक्यता जाहीर करणं सक्तीचं केलं. बेल्जियमने 2018 मध्ये पैसे देऊन उघडायच्या अशा पेट्यांना जुगार ठरवलं. आपल्या संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पण त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर आहे. स्किनमध्ये पैसे परत मिळतच नाहीत, मग तक्रार कशाची करणार?

आमच्या मजल्यावरच्या एका मुलाने परीक्षा फीसाठी घरून आलेले पैसे अशाच एका गेममध्ये घातले. शेवटी सगळ्यांनी वर्गणी काढून फॉर्म भरला. त्याचे वडील दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जातात. त्याला कुणी हसलं नाही, आणि हसू नये. समोर पगारी तज्ज्ञांची टीम आणि इकडे रात्री दोन वाजता एकटा पोरगा, ही काय बरोबरीची लढाई आहे?

हे प्रकरण कळल्यावर रात्री अकरानंतर वायफाय बंद करायची चर्चा सुरू झाली आहे. रेक्टर सरांची काळजी खरी आहे, पण उपाय मला पटत नाही. एक तर सगळ्यांकडे मोबाईल डेटा आहे. दुसरं म्हणजे, वायफाय जाईल ते सबमिशन करणाऱ्याचं. तिसरं, चीनने ऑगस्ट 2021 मध्ये शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री 8 ते 9 एवढाच वेळ खेळायला दिला, तो 18 वर्षांखालच्यांना. अठरानंतर तिथेही लगाम ज्याच्या त्याच्या हातात असतो. आपण सगळे त्या वयाला पोचलो किंवा टेकलो आहोत.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. एक: फर्स्ट इयरच्या इंडक्शनमध्ये एक तास या ड्रॉच्या गणिताला द्यावा, मॅथ्सच्या मॅडम घेतील तर उत्तमच. दोन: गेमसाठी कुणी उसने मागितले तर देऊ नयेत, पण फी अडली असेल तर विंगने उभं राहावं. तीन: कॉम्प्युटरच्या मित्रांनी फायनल इयर प्रोजेक्टला एक छोटा गेम करावा. एक पट्टा, थोड्या काटक्या, नऊ हल्ले. तट वाचला तर जिंकलात. त्यात विकायला काही ठेवू नका. खेळायला मी पहिला येईन.