ड्यूटी चार्ट लिहिणाऱ्या हातांसाठी



रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या अंगणात एक चर्चा ठरलेली असते: कोण आले नाही. वाचन करणारी मुलगी आली नाही, गायनमंडळातले दोघे गायब, अमक्याच्या मुलाला तर महिनाभर पाहिलेच नाही. मग कुणीतरी मान हलवून म्हणते, हल्लीच्या पोरांना देवासाठी वेळ नाही. वाचनाची आणि गायनाची यादी आम्ही लावतो, त्यामुळे न येणाऱ्यांचे निरोप आमच्याकडे येतात. "रविवारी सेकंड शिफ्ट आहे." "नाइट करून येते, डोळे उघडे राहिले तर वाचेन." आणि सर्वांत जास्त येणारा निरोप: "ड्यूटी अजून लागली नाही, शनिवारी रात्री कळेल."

हा शेवटचा निरोप आम्हाला खुपतो. नाइट करून येणारी मुलगी कष्टात आहे, पण आपला आठवडा कसा जाणार हे तिला माहीत आहे. ज्याला शनिवारी रात्री दहा वाजता रविवार कळतो, त्याचा कुठलाच दिवस त्याचा नसतो. तो आईला दवाखान्यात नेण्याची वेळ ठरवू शकत नाही, मुलाच्या शाळेत जाऊ शकत नाही, आणि मिस्सेला येतो म्हणून शब्दही देऊ शकत नाही. त्याच्यावर देवाला विसरल्याचा ठपका ठेवण्याआधी तो चार्ट कोण लिहितो हे विचारायला हवे.

आणि लिहिणारे पुष्कळदा आपलेच असतात. आपल्या बाकांवर वॉर्ड इन्चार्ज सिस्टर बसतात, उद्यमबागेतल्या फाउंड्रीचे सुपरवायझर बसतात, दुकानांचे मालक बसतात, सिक्युरिटीची माणसे पुरवणारे ठेकेदार बसतात. आमचे मत सरळ आहे: चार्ट लिहिणे हे ऑफिसचे किरकोळ काम नाही. शेजाऱ्यावर प्रीती करण्याचा किंवा न करण्याचा तो दर आठवड्याचा प्रसंग आहे.

दहा आज्ञांमधली शब्बाथाची आज्ञा आपण प्रार्थनेची आज्ञा म्हणून शिकतो. निर्गमच्या 20 व्या अध्यायात ती नीट वाचली तर ती मालकाला दिलेली आहे हे दिसते. घरधन्यापाशी ती थांबत नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि वेशीच्या आत राहणारा परका या सर्वांची नोंद तिच्यात आहे. अनुवादाच्या 5 व्या अध्यायात तर कारणही दिले आहे. धन्याला विसावा मिळतो तसाच दासदासींनाही मिळावा, कारण इस्राएल स्वतः मिसरात गुलाम होता आणि विटांचा रोजचा आकडा पुरा करताना सुट्टी मागितली की फारो काय उत्तर देतो हे त्याने भोगले होते.

पवित्र शास्त्रात एक खरोखरचा शिफ्ट चार्टही आहे. 1 राजे, 5 वा अध्याय. मंदिराच्या लाकडासाठी शलमोनाने 30,000 माणसे लावली आणि त्यांच्या तीन तुकड्या केल्या. दर महिन्याला 10,000 लबानोनात, बाकीचे दोन महिने घरी. वर देखरेखीला अदोनीराम. कागदावर पाहिले तर किती छान: एक महिना काम, दोन महिने घर! आजच्या कुठल्याही मॅनेजरने टाळ्या मिळवाव्यात. पण ती वेठबिगारी होती. त्या माणसांना कोणी विचारले नव्हते. शलमोन गेल्यावर लोक रहबामाकडे आले आणि म्हणाले, बापाने लादलेले जू हलके कर. वडीलधाऱ्यांनी त्याला नरमाईचा सल्ला दिला, बरोबरच्या तरुणांनी आणखी कडक व्हायला सांगितले, त्याने तरुणांचे ऐकले. मग त्याने बेगारीवरच्या अधिकाऱ्याला लोकांकडे पाठवले आणि लोकांनी त्याला दगडमार करून ठार केले. बहुतेक अभ्यासक त्यालाच अदोनीराम मानतात. राज्य तिथेच दुभंगले. चार्ट सुबक असूनही माणसे का पेटतात हे ज्याला समजत नाही, त्याने हे दोन अध्याय एकापाठोपाठ वाचावेत.

आता थोडा हिशेब, कारण पुष्कळ अन्याय दुष्टपणातून होत नाही, भागाकार न केल्यामुळे होतो. एक जागा चोवीस तास चालवायची आहे, समजा पेट्रोल पंपाची खिडकी. दिवसाच्या तीन शिफ्ट, आठवड्याच्या एकवीस. मालक म्हणतो, तीन शिफ्टला तीन माणसे, झाले. पण प्रत्येकाने सहा दिवस काम केले तर तिघांच्या मिळून अठरा शिफ्ट होतात. तीन उरतात. त्या तीन कोण करतो? तेच तिघे, एक तर डबल ड्यूटी करून किंवा सुट्टी सोडून. चौथा माणूस घेतला की चोवीस होतात, एकवीस भरतात आणि आजारपणाला, लग्नाला, मयताला तीन शिल्लक राहतात. म्हणजे वीकली ऑफ देण्याचा निर्णय चार्टच्या दिवशी होत नाही, तो माणसे घेण्याच्या दिवशीच झालेला असतो. बारा-बारा तासांच्या वॉचमनचे तर विचारूच नका. दोघांवर गेट चालवले तर प्रत्येकाचे आठवड्याला 84 तास भरतात आणि सुट्टी शून्य. वर आपण त्याला डुलकी घेताना पकडतो.

रविवारी सगळे बंद ठेवा असे आम्ही म्हणत नाही. आयसीयूला रविवार नसतो. भट्टीत धातू वितळलेला असताना घड्याळ पाहून बटण बंद करता येत नाही. तो ओतावाच लागतो, नाहीतर आतच गोठतो. बैल विहिरीत पडला तर शब्बाथाच्या दिवशीही त्याला लगेच कोण वर काढणार नाही, असे प्रभूनेच परुश्यांना विचारले होते. धर्मसभाही हे जाणते. म्हणूनच शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची मानली जाते, आणि रविवारी काम करावेच लागणाऱ्यांनाही पुरेसा विसावा मिळाला पाहिजे अशी शिकवण आहे. 1948 च्या कारखाना कायद्याची रीतही अशीच होती: रविवारी कामाला बोलावले तर आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत बदली सुट्टी, आणि सुट्टीशिवाय सलग दहा दिवसांहून जास्त काम नाही. कामाच्या वेळांची नोटीस आधी भिंतीवर लावण्याची सक्तीही त्यात होती. व्हॉट्सॅपवर रात्री दहाला टाकलेला फोटो म्हणजे नोटीस नव्हे.

जाता जाता एक गोष्ट. रविवारची सुट्टी ही इंग्रजांनी चर्चसाठी दिलेली भेट, असे आपल्यातले बरेच जण समजतात. मुंबईच्या गिरणी कामगारांना ती 1890 साली मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे. ते महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. पोप लिओ तेरावे यांचे कामगारांविषयीचे परिपत्रक, 'रेरुम नोव्हारुम', त्यानंतरच्या वर्षी, 1891 मध्ये आले. तेव्हा रविवारवर आपलाच हक्क असल्यासारखे बोलताना जरा जपून.

हे जपणे महत्त्वाचे आहे, कारण आपली मागणी दुसऱ्याच्या खांद्यावर पडू शकते. वॉर्डात आठ सिस्टर असतील आणि त्यातल्या तिघी ख्रिस्ती असतील, तर तिघींनाही दर रविवार सुट्टी म्हणजे उरलेल्या पाच जणींना जवळजवळ कधीच रविवार नाही. त्यांनाही मुले आहेत, नवऱ्याची सुट्टीही त्याच दिवशी आहे. आम्हाला वाटते, दर रविवार मागू नये. ठरलेला रविवार मागावा. महिन्यातून दोन, पण आधी माहीत असलेले, आणि उरलेल्या रविवारी सकाळच्या किंवा संध्याकाळच्या मिस्सेला जाता येईल अशी शिफ्ट. बदल्यात गणेश चतुर्थीला, दिवाळीला, ईदला आपण उभे राहावे. बेळगावात गणपतीचे दिवस काय असतात ते सांगायला नको. त्या दिवसांत स्वतःहून नाइट घेणाऱ्या ख्रिस्ती कामगाराला नाताळची सुट्टी मागताना हात जोडावे लागत नाहीत.

नाइट कोणाला लागते, हा प्रश्न सर्वांत अवघड. जो भांडत नाही त्याला, जी नवीन आहे तिला, ज्याचे लग्न झालेले नाही त्याला. तोंड असलेल्याला फर्स्ट आणि मुक्याला थर्ड, हा कित्येक ठिकाणचा अलिखित नियम आहे. दाविदाने याजकांचे चोवीस वर्ग केले तेव्हा एका घराण्याचे सोळा होते, दुसऱ्याचे आठच. मोठ्या घराण्याने सोयीच्या पाळ्या उचलल्या असत्या, पण तिथे चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. घराण्याच्या प्रमुखाची आणि धाकट्या भावाची चिठ्ठी एकाच मोलाची. आठवी चिठ्ठी अबीयाची निघाली. शेकडो वर्षांनी त्याच वर्गाची पाळी सुरू असताना जखऱ्या धूप जाळायला आत गेला आणि देवदूताने त्याला योहानाच्या जन्माची वार्ता दिली. शुभवर्तमानाची सुरुवात लूक एका ड्यूटी चार्टपासून करतो, असे म्हटले तर फार चूक होणार नाही.

चिठ्ठ्या जमत नसतील तर निदान फिरवा तरी. फिरवताना फर्स्टनंतर सेकंड आणि सेकंडनंतर नाइट असा क्रम ठेवा; झोप पुढे ढकलणे शरीराला सोपे जाते, मागे ओढणे जड जाते. रात्री अकराला सेकंड संपवून सकाळी सातला फर्स्टला बोलावले तर मध्ये आठ तास दिसतात. त्यातून जाणे-येणे, जेवण, आंघोळ वजा केली की झोप जेमतेम पाच तास. युरोपात दोन ड्यूट्यांमध्ये सलग अकरा तासांचा विसावा कायद्याने बांधला आहे. आपल्याकडचा सुपरवायझर तो स्वतःच्या पेनाने देऊ शकतो, त्याला परिपत्रकाची गरज नाही.

आणि चर्चच्या आवारातही पाहावे. फाटक उघडणारा, घंटा वाजवणारा, अंगण झाडणारी बाई यांचा वीकली ऑफ कोणता, हे पॅरिश कौन्सिलच्या किती सभासदांना सांगता येईल? रविवार तर त्यांचा सर्वांत जास्त कामाचा दिवस. तसेच आपल्या घरी येणाऱ्या मावशींचे. रविवारी पाहुणे येतात म्हणून त्यांना लवकर बोलावतो आणि आपण विसाव्याचा दिवस पाळायला मिस्सेला जातो. त्यांचा वार ठरवून भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहावा, म्हणजे सोयीप्रमाणे सरकवता येणार नाही.

नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेसाठी दरवर्षी चोवीस डिसेंबरच्या दुपारी अदलाबदलीचे फोन सुरू होतात. यंदा ज्यांच्या हाती चार्ट आहे त्यांना आमची विनंती आहे: डिसेंबरचा चार्ट 15 नोव्हेंबरपर्यंत भिंतीवर लावा, आणि 24 ची रात्र कोणाला हवी, 31 ची कोणाला, हे प्रत्येकाला आधी विचारा. वाचकांची यादी आम्ही त्यानंतर करू.