खेकडा धरण्यापूर्वी

मराठी माणसाने खेकड्याला कधी न्याय दिलेला नाही. परस्परांचे पाय ओढणाऱ्यांना आपण टोपलीतल्या खेकड्यांची उपमा देतो; आणि २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून माणसे वाहून गेली, तेव्हा तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी त्याचा दोषही खेकड्यांच्याच माथी मारला. या बदनाम प्राण्याची बाजू मांडण्याची वेळ आता पुन्हा आली आहे, आणि ती आणली आहे पावसाळ्यात खेकडे धरण्याची हौस लागलेल्या नवशिक्यांनी.

मृगाच्या सरी कोसळल्या, की उन्हाळाभर बिळात दडून राहिलेले खेकडे ओढ्याकाठी आणि भातखाचरांत बाहेर पडतात. रात्री चूड किंवा बत्ती घेऊन त्यांना धरायला जाणे हा सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या गावांचा जुना परिपाठ आहे. कातकऱ्यांच्या व गरीब शेतकऱ्यांच्या घरी त्या दिवसांत हेच कालवण असते. अलीकडे मात्र शनिवार-रविवारच्या पर्यटकांची त्यात भर पडली आहे. मोबाइलवरील चित्रफिती पाहून शिकलेली ही मंडळी प्रखर विजेऱ्या आणि पोती घेऊन ओढ्यात उतरतात. हौस मुळीच वाईट नव्हे; शहरी तरुणाचे पाय चिखलाला लागणे हे चांगलेच. परंतु त्याला मिळालेले शिक्षण अर्धे आहे. कसे धरावे हे त्याला सांगितले जाते, काय सोडावे हे नाही.

धरण्याची विद्या फारशी कठीण नाही. समोरून हात घालू नये. मागून पाठीवर दाब देऊन कवचाच्या दोन्ही कडा धरल्या, की नांग्या बोटांपर्यंत पोहोचत नाहीत. अनोळखी बिळात हात घालू नये, कारण आत सापही असू शकतो. डोंगरावर पाऊस कोसळत असताना ओढ्यात उतरू नये. वरचे पाणी सांगून येत नाही. आणि रानात चूल मांडून अर्धकच्चे खेकडे खाण्याचा मोह टाळावा. अशा खेकड्यांतून माणसाच्या फुप्फुसात शिरणारा कृमी ईशान्य भारतात आढळला आहे, आणि त्याची लक्षणे क्षयासारखी भासतात.

खरा धडा याच्या पुढचा आहे. हाती आलेला खेकडा उलटा करून पाहावा. पोटावरची झापड अरुंद व निमुळती असेल तर तो नर. रुंद व गोलसर असेल तर ती मादी. पावसाळ्याच्या आरंभी अनेक माद्यांच्या झापडीखाली अंडी किंवा इवलाली पिले चिकटलेली असतात. समुद्रातली चिंबोरी लाखो अंडी घालते आणि तिच्या अळ्या प्रवाहाबरोबर दूरवर पसरतात. गोड्या पाण्यातील खेकड्याचे तसे नाही. त्याची अंडी फार तर काही शेकड्यांत मोजावी इतकी. त्यांतून थेट खेकड्याच्याच रूपातली पिले निघतात आणि काही काळ आईच्या पोटाशी राहतात. म्हणजेच एखादा ओढा रिकामा केला, तर तो भरून काढायला समुद्र धावून येत नाही. पश्चिम घाटातील कित्येक जाती अगदी मर्यादित टापूतच राहतात. तेथील पाच नव्या जातींची शास्त्रीय नोंद २०१६ साली झाली, यावरून आपले अज्ञान केवढे आहे हे ध्यानात यावे.

यावर कोणी म्हणेल, की पिढ्यान्‌पिढ्या लोक खेकडे खातच आले, ते कोठे संपले? पूर्वीचे सगळेच संयमी होते असे नव्हे. पण त्यांच्या हाताला, चुडीच्या उजेडाला आणि घरच्या भुकेला मर्यादा होती. पोत्याला आणि हॉटेलांच्या मागणीला ती नाही. काही ठिकाणी तर पाण्यात कीटकनाशक वा ब्लीचिंग पावडर ओतण्यापर्यंत मजल जाते. पाण्यात विष घालून मासे मारणे भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्याने १८९७ मध्येच गुन्हा ठरवले होते. सव्वाशे वर्षांनंतरही ते सांगावे लागते, ही खेदाची गोष्ट आहे. अर्थात शेतांत फवारली जाणारी औषधे व बुजवले जाणारे ओढे यांचाही वाटा मोठा आहे, आणि सारे खापर हौशी माणसावर फोडणे अन्यायाचे ठरेल.

तथापि, संयमाचा पहिला भार त्यानेच उचलला पाहिजे. ज्याच्या ताटात त्या दिवशी दुसरे काही नाही, त्या कातकऱ्याला उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही. हौशी माणसाने मात्र एका जेवणापुरते मोठे नर घ्यावेत, माद्या व पिले जेथे सापडली तेथेच सोडावीत, आणि अभयारण्याच्या हद्दीत काहीच धरू नये. पर्यटकांचा ओघ असलेल्या गावांच्या पंचायतींनी ओढ्यापाशी एवढे चार शब्द फलकावर लिहिले, तरी पुष्कळ काम होईल. मादी सोडून देण्यासाठी नवा कायदा लागत नाही. टोपलीत टाकण्यापूर्वी खेकडा एकवार उलटा करून पाहण्याची सवय तेवढी लागते.