‘हवामान पूर्वीही बदलत होते’: मग दाढेची साक्ष पुरती ऐका

हवामानबदलाची कोणतीही राष्ट्रीय बातमी प्रसिद्ध झाली की तिच्याखाली एक वाक्य हमखास उमटते: ‘हवामान पूर्वीही बदलत होते, प्राणी जुळवून घेत आले, मग आताच एवढा आकांत कशाला?’ वर ‘जीवाश्मच तसे सांगतात’ अशी पुस्तीही असते. या वाक्याचा पूर्वार्ध खरा आहे, आणि त्याच्या आधारावरच उत्तरार्ध खपून जातो. जीवाश्मांना साक्षीला बोलवायचेच असेल, तर त्यांची साक्ष अर्ध्यावर तोडू नये.

या खटल्यातील सर्वांत बोलका साक्षीदार म्हणजे व्होलची दाढ. व्होल हा उंदराच्या नात्यातला, आखूड शेपटीचा, मुख्यतः गवतावर जगणारा प्राणी. गवतात सिलिकाचे सूक्ष्म कण असतात, त्याला धूळमातीही चिकटलेली असते. असे अन्न चावताना दात झपाट्याने झिजतात. गेल्या सुमारे 50 लाख वर्षांत उत्तर गोलार्ध थंड आणि कोरडा होत गेला, गवताळ प्रदेश पसरले, आणि व्होलची दाढ उंच होत गेली. तिच्या माथ्यावरच्या एनॅमलच्या त्रिकोणी घड्या वाढल्या. मुळे फुटण्याचा काळ लांबत गेला आणि अखेर अनेक वंशांत मुळे नाहीशीच झाली. दाढ आयुष्यभर वाढतच राहू लागली. युरोपात मुळे असलेल्या मिमोमिसपासून बिनमुळांचा आर्विकोला उत्क्रांत झाला. हा बदल इतका नियमित आहे की भूशास्त्रज्ञ त्यावरून मातीच्या थरांचे वय ताडतात.

आता ‘जुळवून घेणे’ या शब्दाचा हिशेब मांडावा. व्होलच्या एका वर्षात अनेक पिढ्या होऊ शकतात. तरीही मुळांपासून बिनमुळांपर्यंतच्या या प्रवासाला लाखो वर्षे लागली. हत्तीच्या एका पिढीलाच वीसहून अधिक वर्षे लागतात. त्याच्याकडून शतकभरात कोणत्या उत्क्रांतीची अपेक्षा आहे? शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरातून बाहेर पडताना पृथ्वी सुमारे 5 ते 6 अंशांनी तापली, पण त्याला दहा हजार वर्षांच्या आसपास काळ लागला. आता एका अंशाहून अधिक वाढ दीड शतकात झाली आहे, आणि तिचा मोठा भाग गेल्या 50 वर्षांतला आहे.

व्होल थंड प्रदेशातले, भारतात ते हिमालयापुरते, असा आक्षेप निघेल. तो बरोबर आहे. बहादुर सिंग कोटलिया यांनी वर्णिलेला किलार्कोला हा जीवाश्म व्होलही काश्मीरच्या करेवा थरांतला. दक्षिणेच्या उष्ण प्रदेशाचे काय, हे विचारायचे तर चेन्नईकडे वळावे लागते. रॉबर्ट ब्रूस फूट यांना 1863 साली पल्लवरम येथे पाषाणयुगीन हत्यार सापडले. त्याच वर्षी चेन्नईच्या वायव्येचे अत्तिरमपक्कम हे स्थळही उजेडात आले. तिथल्या हत्यारांचे वय सुमारे 15 लाख वर्षे असल्याचे शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी 2011 साली दाखवले. त्या उत्खननात जनावरांचे जीवाश्म दात मिळाले अवघे तीन: एक घोड्याच्या वंशाचा, एक म्हशीच्या वंशाचा, तिसरा नीलगाय किंवा शेळीवर्गातला. तेवढ्यावरून मोकळ्या, ओलसर प्रदेशाचा अंदाज बांधता आला. हत्यारांची मोजदाद ज्या उत्साहाने होते, त्याच्या शतांशाने तरी या दातांकडे लक्ष जायला हवे होते. पण ‘सर्वांत प्राचीन’ या दोन शब्दांपुढे बातमीला दुसरे काही दिसत नाही.

फूट 1884 साली तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील कर्नूलजवळच्या बिल्लसुर्गम गुहांत उतरले. त्याच गुहांतील दात-हाडांवर 2014 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास विरोधकांना फार आवडेल. ओळख पटलेल्या 21 सस्तन प्रकारांपैकी 20 प्रकार किमान एक लाख वर्षांपासून आजतागायत टिकून आहेत! हिमयुगे आली, मोसमी पाऊस आटला, पुन्हा वाढला, प्राणी तगले. इथेच वाचन थांबवले की सुरुवातीचे वाक्य तयार होते.

पण तोच अभ्यास पुढे कारणही देतो. प्राणी तगले ते एकमेकांना जोडलेल्या, विविध प्रकारच्या अधिवासांमुळे. काही ठिकाणांहून ते नाहीसे झाले, दुसरीकडे राहिले. त्यांचे प्रदेश सरकले. हे सरकणे आज शक्य आहे का, एवढाच प्रश्न आहे, आणि त्या टिप्पण्यांत तो कुणीच विचारत नाही. कोणता प्राणी, किती पिढ्यांत, कोणत्या वाटेने जाणार, हे ‘जुळवून घेतील’ म्हणणाऱ्याने सांगावे.

त्याने चेन्नईतच पळ्ळिकरणै पाणथळीच्या काठावर उभे राहून ते सांगावे. 2022 साली तिच्या सुमारे 1,247 हेक्टर क्षेत्राला रामसर दर्जा मिळाला. पूर्वी ती याच्या कितीतरी पट पसरलेली होती. आज तिच्या एका अंगाला पेरुंगुडीचा कचरा डेपो आहे, दुसऱ्या अंगाला आयटी कंपन्यांच्या इमारती, मधून वाहता रस्ता. पाणी आटले तर इथल्या जनावराने कोणत्या दिशेला निघायचे?