शाबूत जनुक, पण 'दप्तरी दाखल'



घरात एकाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला की दवाखान्याच्या व्हरांड्यातच कुजबूज सुरू होते. हे घराण्यातच आहे काय? पोराबाळांनाही होणार काय? सोयरीक जुळत आलेली असेल तर ही गोष्ट चक्क दडवून ठेवतात. म्हणून या वेळी जरा किचकट विषय घेतला आहे. तो समजला तर या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मिळते.

आपल्या प्रत्येक पेशीत डी.एन.ए. नावाचा चार अक्षरांत लिहिलेला लांबलचक दस्तऐवज असतो. त्यातील एकेक हुकूम म्हणजे जनुक. कर्करोगात ही अक्षरे बिघडतात, हे आपण ऐकलेले असते. पण अक्षर न् अक्षर जागेवर असूनही जनुक निकामी होऊ शकते. आम्हा कारकून मंडळींना हे लवकर उमजावे. कागद फाडावा लागत नाही. त्यावर 'दप्तरी दाखल' असा शेरा मारला की झाले! कागद कपाटात आहे, मजकूर शाबूत आहे, पण कारवाई कोणी करीत नाही.

पेशीतला हा शेरा म्हणजे मिथाइल. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, एवढीशी वस्तू. 'सी' अक्षरापुढे 'जी' आले की त्या 'सी'ला ती चिकटते. पुष्कळ जनुकांच्या आरंभी अशा सी-जी जोड्यांची दाटी असते आणि निरोगी पेशीत ती जागा बहुधा कोरी असते. तिथे शेऱ्यांची गर्दी झाली की डी.एन.ए.ची गुंडाळी घट्ट होते आणि जनुक वाचणाऱ्या यंत्रणेला आत शिरता येत नाही. पेशीचे विभाजन होताना नव्या प्रतीवरही तोच शेरा उतरतो. शेरा मुळात वाईट नव्हे. नको ती जनुके गप्प ठेवणे हे त्याचे रोजचेच काम. भलत्या कागदावर पडला म्हणजे घात होतो.

एम.एल.एच.१ नावाचे जनुक पाहा. छापखान्यात मुद्रितशोधक असतो, तसे याचे काम. डी.एन.ए.ची नक्कल काढताना पडलेल्या चुका दुरुस्त करणाऱ्या मंडळींपैकी ते एक. ते गप्प झाले की चुका साचत जातात आणि पेशीच्या वाढीला लगाम घालणारी जनुकेही त्यात सापडतात. १९९८ साली अमेरिकेतील संशोधकांनी अशा कर्कपेशींना शेरा पुसणारे औषध प्रयोगशाळेत दिले, तेव्हा गप्प झालेले एम.एल.एच.१ पुन्हा कामाला लागले. मजकूर शाबूत होता, हे त्यातून दिसले. मात्र आतड्याच्या कर्करोगावर असे औषध अजून नेहमीच्या उपचारात आलेले नाही, ही गोष्टही सांगितली पाहिजे.

आता घराण्याचा प्रश्न. मोठे आतडे व गुदाशयाच्या शंभर कर्करोगांत सुमारे १५ मध्ये ही दुरुस्ती बंद पडलेली असते. त्यांतील सुमारे तिघांतच दोष आईवडिलांकडून आलेला असतो. बाकीच्यांत बहुतेक ठिकाणी एम.एल.एच.१ वर शेरा पडलेला असतो, तोही बहुधा उतारवयात आणि फक्त गाठीत. असा शेरा सहसा मुलांकडे जात नाही.

म्हणून काढलेल्या गाठीच्या तुकड्यावर दुरुस्तीच्या चार प्रथिनांची तपासणी झाली का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. एम.एल.एच.१ दिसले नाही तर शेऱ्याची पुढील चाचणी करतात. उपचारालाही याचा उपयोग होतो. अशा गाठींवर प्रतिकारशक्ती जागी करणारी नवी औषधे चांगली लागू पडतात, जरी त्यांची किंमत आपल्या पगाराला झेपणारी नसली तरी.

आणि शौचावाटे रक्त पडते म्हणजे मूळव्याधच, असे घरच्या घरी ठरवून महिनोन् महिने मलम लावीत बसू नये. शौचाची सवय बदलली, वजन घटले, रक्त कमी झाले, तर दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी.

गाठीत शेरा सापडला नाही आणि दोष उपजत ठरला, तर सख्ख्या भावंडांनी व मुलांनी रक्ताची चाचणी करावी. प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. ज्याच्यात तो निघेल त्याची दुर्बिणीची तपासणी विशी-पंचविशीपासूनच दर एक-दोन वर्षांनी करतात. त्यात सापडलेले मोड गाठ होण्याआधीच काढून टाकता येतात.