नवी किडनी साखरेच्या घशात घालू नका!
यवतमाळ जिल्ह्यातील किडनी प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना जाहीर आवाहन



मागच्या आठवड्यात आमच्या गटातल्या एका पोराला बेशुद्ध अवस्थेत यवतमाळला आणावं लागलं. आईची किडनी बसून पाच महिने झाले होते. साखर निघाली 500 च्या वर. फाईल उघडली तर क्रिएटिनिनच्या रिपोर्टांची चळत, साखरेचा रिपोर्ट एकही नाही. महिनाभर तो रात्री चार-चारदा लघवीला उठत होता, घशाला कोरड, वजन उतरलेलं. घरचे खूष होते. नवी किडनी जोरात चालते म्हणाले! डायलिसिसच्या काळात थेंबाथेंबाला तरसलेली माणसं ती. त्यांना कोण दोष देणार? पण त्यांना सुट्टी देताना दोन वाक्यं मराठीत सांगायला कोणालाच वेळ नव्हता, याचा आम्हाला संताप आहे.

किडनी बसवल्यानंतर होणारा हा मधुमेह नवा नाही. जगभरच्या अभ्यासांत किडनी बसवलेल्या 100 जणांपैकी साधारण 10 ते 30 जणांना नंतर मधुमेह होतो. आधी कधीच साखर नसलेल्यांनाही. त्यानंतर हृदयविकार वाढतो, जंतुसंसर्ग वाढतो आणि आईनं, बायकोनं पोट चिरून दिलेली किडनीही धोक्यात येते.

कोणाला जास्त धोका? वय चाळिशीपुढे, आई-वडील-भावंडांत मधुमेह, वजन जास्त, आधीपासून साखर काठावर. किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार असेल तर, हिपॅटायटिस सी असेल तरीही. शिवाय आपण भारतीय माणसं बारीक दिसलो तरी पोटावर चरबी बाळगतो. आपल्याला हा धोका गोऱ्या लोकांपेक्षा जास्त.

आणि सर्वांत मोठं कारण रोजच्या डबीतच असतं. किडनी नाकारली जाऊ नये म्हणून दिलेली टॅक्रोलिमस स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशींना दाबते. प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी शरीराला इन्सुलिन जुमानू देत नाही, वर भूक भडकवते. किडनी नाकारली जाऊ लागली की स्टेरॉइडचे मोठे डोस देतात, तेव्हा साखर उसळते. त्यात डायलिसिसची पथ्यं सुटलेली. ‘दोन वर्षं उपाशी होता बिचारा’ म्हणून मामा, मावशी, शेजारीपाजारी बुंदी-जिलबी घेऊन हजर. हे प्रेम आवरा.

काही जण म्हणतात, गोळीनंच साखर होते तर गोळीच बंद करू. असा विचारही मनात आणू नका! गोळी थांबली की किडनी जाते. डोस बदलायचा तो प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांनीच. कोणाच्या सांगण्यावरून भस्मं आणि काढे घेणाऱ्यांशी आम्ही वादही घालत नाही. त्यांनी आधी आमच्यासोबत डायलिसिसच्या वॉर्डात एक दिवस बसावं.

आता कामाचं. पहिले चार आठवडे दर आठवड्याला साखर तपासा, मग वर्षभर दर तीन महिन्यांनी, पुढे दरवर्षी. स्टेरॉइड किंवा टॅक्रोलिमस वाढवलं की पुन्हा. नुसती उपाशीपोटी तपासून समाधान मानू नका. सकाळी घेतलेल्या स्टेरॉइडची साखर दुपारनंतर चढते, म्हणून दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनीही तपासा. उपाशीपोटी 126 किंवा जेवणानंतर 200 च्या वर गेली की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी सुरुवातीच्या महिन्यांत फसवते, कारण रक्त कमी असतं, रक्त चढवलेलं असतं. इन्सुलिन सुरू केलं तर घाबरू नका, काहींचं पुढे सुटतंही. रोज चाला. ज्यांचा नंबर अजून लागायचा आहे त्यांनी आताच वजन उतरवा, साखर तपासा आणि हिपॅटायटिस सी निघाला तर सरकारी कार्यक्रमातलं मोफत औषध घ्या.

पैसे नाहीत, ही सबब इथे चालणार नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी मोफत आहे. महात्मा फुले योजनेत प्रत्यारोपणाची मर्यादा त्याच वर्षी अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली. नागपूरच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात 2016 पासून प्रत्यारोपणं होतात. एवढं सगळं करून बोटाला एक टोचणी राहून जावी?

वणी, झरी, मारेगाव, केळापूरच्या पाण्यातल्या फ्लोराइडवर सभा होतात, व्हायलाच हव्यात. पण किडनी बसवून उमरखेडला, पुसदला परतलेल्या माणसाची साखर कोण पाहतं, हे कोणी विचारत नाही. आमचा गट विचारणार. डायलिसिसच्या वॉर्डाबाहेर बाकड्यावर भेटलेल्या घरांचा हा गट आहे. कोणाकडून एक रुपया न घेता आम्ही मध्यरात्री रक्तदाते उभे केलेत. आशाताईंनो, तुमच्या गावात किडनी बसवलेलं माणूस असेल तर त्याचं नाव वहीत वेगळं लिहा. डॉक्टरसाहेब, सुट्टीच्या कार्डावर साखर तपासण्याच्या तारखा मराठीत लिहून द्या.

आणि घरच्यांनो, उद्या दुपारी जेवणानंतर दोन तासांनी आपल्या माणसाला घेऊन उपकेंद्रात जा. आलेला आकडा फाईलच्या पहिल्या पानावर लिहा.