रॉकेट चुलीला आधी तराजू लावा

भायखळा-लालबागच्या चाळींत घरोघर गॅस पोचण्यापूर्वी रॉकेलच्या स्टोव्हच्या जोडीला भुशाची शेगडी असे. वखारीतून भुसा आणायचा, शेगडीत मधोमध बाटली उभी धरून आणि खालच्या भोकातून दांडा घालून तो ठासून भरायचा. मग बाटली व दांडा अलगद काढले की आत इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखी पोकळी तयार होई. खालून हवा शिरे आणि वर आच निघे.

१९८०च्या दशकात अमेरिकेत लॅरी विनियार्स्की यांनी ज्या ‘रॉकेट चुली’ची तत्त्वे मांडली, तिचा आकारही असाच. फरक एवढाच, की तिच्यात भुशाऐवजी बारीक काटक्या जळतात आणि पोकळीभोवती राखेसारखे उष्णता अडवणारे अस्तर असते. आत धग टिकते, धूरही जळून जातो आणि थोड्या लाकडात आच जोराची लागते. पंधरा किलोचा तेलाचा डबा, सुमारे चार इंच व्यासाचा नळ आणि चाळलेली राख एवढ्यावर ती घरी बनते. नळ मात्र जस्ताचा मुलामा दिलेला नको. तापल्यावर त्याचा धूर विषारी असतो. काटक्या एका पत्रीवर ठेवाव्यात, म्हणजे खालून हवेला वाट राहते.

पण चूल पेटली, ज्वाला फुरफुरली, की आपण लगेच टाळ्या वाजवतो. ज्वालेवर जाऊ नये. तराजू आणि घड्याळ घ्यावे. पाच लिटर पाणी २८ अंशांवरून उकळीपर्यंत नेण्यास ३६० किलोकॅलरी लागतात. एक किलो वाळलेल्या लाकडात सुमारे चार हजार किलोकॅलरी असतात. म्हणजे ३६० ग्रॅम लाकूड जळून पाणी उकळले, तर चौथा हिस्सा उष्णता कामी आली. पंख्याविना चालणाऱ्या चुलीकडून भारतीय मानक ब्युरोचे २०१३चे मानकही किमान २५ टक्क्यांचीच अपेक्षा ठेवते. घरच्या साध्या चुलीवर तेच पातेले ठेवून पाहावे, म्हणजे नव्या चुलीची खरी कमाई कळेल.

मात्र पाणी उकळणे ही अर्धीच परीक्षा. उरलेली अर्धी भाकरीची! १९८०च्या दशकात सुरू झालेला निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम २००२मध्ये बंद झाला. तोवर तीन कोटींहून अधिक चुली बसवल्याची नोंद झाली, पण त्यांतल्या कितीतरी अडगळीत गेल्या. बसवलेल्या चुली मोजल्या गेल्या. पेटत्या चुली कोणी मोजायच्या?

भायखळ्याच्या खोलीत आज ही चूल पेटवू नये. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. शिवाय शहराच्या हवेपायी मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये बेकऱ्यांनाही लाकूड-कोळसा सोडायला सांगितले. तिची खरी जागा आपल्या गावच्या परसात आहे. तिथे गॅस आला, तरी सिलिंडर पुरवून वापरण्यासाठी आंघोळीचे पाणी अजून लाकडावरच तापते. मे महिन्यात गावी जाताना चूल जरूर न्यावी. पण सोबत तराजूही न्यावा, आणि ती चांगली की वाईट हे चुलीपुढे रोज बसणाऱ्या बाईला, महिनाभर वापरून झाल्यावर, विचारावे. तिने नाही म्हटले, तर दोष तिच्या सवयीत न शोधता चुलीत शोधावा.